गरम पिस्टन

आबांनी खटका ओढला, तशी प्लॅस्टिकची गोळी नळीतून जेमतेम बाहेर आली आणि त्यांच्याच चपलेवर पडली.

उज्ज्वलाचं डोकं सणकलं. कारखान्यात ऑर्डरी तुंबलेल्या, आणि तिचे निवृत्त वडील लेथ अडवून खेळण्यातल्या रायफलीचे पिस्टन कातत बसलेले! प्रत्येक पिस्टन किंचित बारीक भरायचा आणि कडेनं हवा निसटून गोळीला जोरच मिळायचा नाही.

"आबा, तुम्ही गरम असतानाच मापताय. गार झाल्यावर आकसणारच ना तो! मी असं केलं तेव्हा हातावर पट्टी मारली होतीत, आणि आता स्वतः?"

"उगाच काहीतरी बोलू नकोस. गार झाल्याशिवाय मी मापतच नाही," आबा फणकारले. त्यांनी लेथवरून नवा पिस्टन काढला आणि मुठीत घट्ट धरला. "हा बघ, गार आहे की!"

तिनं तो हिसकावून घेतला आणि किंचाळून खाली टाकला. बोटं चांगलीच पोळली होती.

तिनं आबांची मूठ उघडली. तळहातावर जुन्या फोडांशेजारी नवा लालभडक चट्टा उठत होता.

"फार भाजलं का गं तुला?" आबा विचारत होते.