न्यायाधीशपदाच्या उमेदवाराचं उत्तर

यंदापासून न्यायाधीशही मतदानानं निवडायचे ठरलं होतं, आणि ती निवडणूक दुसऱ्या दिवशी होती. तहसील कचेरीतल्या एका खोलीत उमेदवार कर्णिक वकिलांची संगणकानं बनवलेली बोलकी प्रतिमा पडद्यावर बसवली होती. उमेदवार जसा विचार करतो तसाच ती करते, असं सांगत. मतदारानं एकट्यानं आत जाऊन तिला काहीही विचारावं.

शालन ढमढेरेंनी डाळिंबाच्या बागेचा दावा सांगितला. दिरांशी तो चार वर्षं चालू होता.

"ताई, तुमचे कागद पक्के आहेत. मी निकाल तुमच्याच बाजूनं देईन," प्रतिमा म्हणाली.

शालनताई सुखावल्या. पण दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कागद दाखवलेच नव्हते. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचे दीर निवृत्ती आत गेले आणि मिशीत हसत बाहेर आले.

"भाऊजी, बाग कुणाची म्हणाला?" दावा लागल्यापासून त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होत्या.

"माझी. कागद पक्के आहेत म्हणाला."

"मलाही हेच म्हणाला," शालनताई म्हणाल्या. मग शिपाई "एकेकानं, एकेकानं!" ओरडत असतानाच दोघं मिळून आत घुसले. शालनताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

प्रतिमेनं आधी त्यांच्याकडं, मग निवृत्तींकडं पाहिलं. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर मला बोलता येणार नाही."

बाहेर आल्यावर निवृत्ती घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, संध्याकाळी घरी येऊ का? आपणच बसून बघू."

शालनताईंनी त्यांना नीट निरखलं.

"या. पण वकील आणू नका."