वडीलधारा पुरुष

"बोलणी करायची तर घरातला वडीलधारा पुरुष बोलवा," हौसाबाई म्हणाली. लेकीसाठी मुलगा बघायला ती दगडखाणीजवळच्या वस्तीत आली होती.

आतून मुलाचा काका आला. चाळिशीचाच, पण उंबऱ्यापर्यंत येतानाच त्याला धाप लागली. "वस्तीतल्या बाप्यांत मीच थोरला. बाकीच्यांना खाणीच्या धुळीनं नेलं."

हौसाबाईने बाहेर पाहिलं. ओट्याओट्यांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या. म्हातारा एकही नव्हता.

"तू कुठं कामाला?" तिने मुलाला विचारलं.

"खाणीतच."

"मग मुलगी देणार नाही. खाण सोडून आमच्याकडे राहायला येशील तर बोल."

"घरजावई?" काका भडकला. पण मुलाची विधवा आई पुढे आली. हौसाबाईचे हात धरून म्हणाली, "लग्नाचं मागाहून बघू. याला आजच घेऊन जा."