ओली वाळू

"झाडून झाडून हात दुखले, पण वाळू काही सरून नाही राह्यली," नवऱ्याचं अंथरूण झटकत शकुबाई पुटपुटल्या.

लेकाने दोघांना वाळवंटाकाठच्या शहरात समुद्र दाखवून आणलं, त्याला महिना झाला होता. तिथं सदाशिवराव तासभर पाण्यात दिसेनासे झाले, मग आपणच हसत बाहेर आले. घरी ती गोष्ट कोणी काढत नसे.

बॅगा धुऊन माळ्यावर गेल्या, तरी सदाशिवरावांच्या अंथरुणात रोज ओंजळभर वाळू निघे. ओली. इकडे त्यांच्या गावी, मुकुटबनात, तर उन्हाने भुई तडकली होती.

परतल्या दिवशी शकुबाईंनी दारात प्रत्येकावरून वेगळा भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. कुत्र्याने बाकीचे खाल्ले. सदाशिवरावांचा हुंगून ते मागे सरकलं.

आता सदाशिवराव अंगणात भर उन्हात चहा पीत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, चहाला नावं न ठेवता.

"आई, बाबांले डॉक्टरले दाखवू," सून सलोनी हळूच म्हणाली.

"डॉक्टरले काय दाखवतं? पाण्यातून आले ते आपले नव्हतेच. मले तवाच समजलं. पण त्यांची जागा रिकामी घेऊन घरी कशी येऊ? म्हणून मीच हात धरला."