उस्तादचं शेवटचं काम

"पुन्हा," मामा म्हणाला.

समोरच्या तरुणाने पिस्तूल उचललं आणि भिंतीवरच्या खडूच्या वर्तुळावर रोखलं. आवाज दाबणारी नळी बसवलेली असल्यामुळे आवाज नुसता फुसकन झाला. गोळी वर्तुळ सोडून थेट खिडकीच्या चौकटीत घुसली.

"हात विसरलेत," मामा शांतपणे म्हणाला. "आठवेल त्यांना. तू उस्ताद होतास आमचा."

उस्ताद. त्याच्यापाशी एवढंच नाव होतं. डोकं फुटलेल्या अवस्थेत तो पुलाखाली सापडला होता, आणि त्याआधीचं सगळं ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं पुसलं गेलं होतं. शुद्धीवर आला तेव्हा उशाशी मामा बसलेला. मामा तसा कुणाचाच मामा नव्हता. गुप्तहेर खात्यातली माणसं त्याला त्या नावाने हाक मारायची. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यावर ही खोली होती. तिथे मामाने त्याला भरवलं, चालवलं आणि हळूहळू, औषध पाजावं तसं, सगळं सांगितलं. उस्ताद खात्यासाठी माणसं मारायचा.

त्या दिवशी तो भडभडून ओकला होता.

"माझं कुणी होतं का?" त्याने विचारलं होतं.

"आपल्या धंद्यात कुणी नसतं रे."

त्यानंतर त्याने आरशात बघणं सोडलं. तोंड धुतानाही डोळे मिटून घ्यायचा. आपल्या हातून गेलेली माणसं कोण होती, त्यांच्या घरी मागे कोण रडलं असेल, या विचाराने त्याला घास गिळवत नसे. आठवत नसलेल्या पापाचा पश्चात्ताप तरी कसा करायचा, तेही त्याला कळत नव्हतं.

मोरीतला नळ सतत ठिबकायचा. एके सकाळी त्याने तो उघडला, सुताचा दोरा गुंडाळून पुन्हा घट्ट बसवला. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूकच. पाणी थांबलं तसं त्याला क्षणभर बरं वाटलं.

मामा दारातून बघत होता. हसला. "बघ, परत येतंय! नळवाला बनूनच तर शिरायचास तू लोकांच्या घरात."

तेवढं बरं वाटणंही गेलं.

पुढच्या आठवड्यात मामाने काम सांगितलं. एक म्हातारा होता. पूर्वी खात्यातच होता, आता उलटला होता. चौकशी आयोगासमोर तोंड उघडणार होता. "तुला पुलावरून ढकलून द्यायला माणसं लावणारा तोच," मामा म्हणाला. "तो बोलला की आपण सगळे गेलो."

"मला नाही जमणार, मामा."

"प्रत्येक वेळी तू असंच म्हणायचास."

तो खाली मान घालून बसला.

"हे शेवटचं," मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग तू मोकळा. म्हातारा कुणालाही दार उघडत नाही. किराणासुद्धा खिडकीतून टोपली सोडून वर घेतो. पण तुला उघडेल."

"मलाच का?"

"उस्ताद उगाच म्हणतात का तुला? नळवाला म्हणून त्या इमारतीत तू बरेच दिवस वावरलायस. जिन्यात कुणी हसलं, तर हसायचं आणि वर जायचं. आणि एक लक्षात ठेव. त्याचे हात पुढे आले की थांबायचं नाही. त्याच्या हातांनी भले भले आडवे झालेत."

दुपारी तो निघाला. खांद्याला पान्यांची पिशवी, त्यात तळाशी पिस्तूल. रस्त्यावर उन्हात माणसं आपापल्या कामाला चालली होती. त्या सगळ्यांचा त्याला हेवा वाटला. संध्याकाळी घरी जाऊन यांना कुणीतरी नावाने हाक मारणार होतं.

इमारत जुनी होती. जिन्यातली एक पायरी तुटली होती. पाय तिच्यावर न पडताच पुढे गेला. इथे आपण खरंच पाळत ठेवली असणार, त्याच्या मनात आलं. भाजीची पिशवी घेऊन उतरणारी एक बाई त्याला बघून थबकली, मग तोंडभर हसली. तो हसला. आणि वर चढत राहिला.

वरच्या मजल्यावर पोचल्यावर त्याने पिस्तूल काढून पिशवीआड धरलं. परत फिरावं असं वाटलं. पण परत कुठे जायचं? जगात मामाशिवाय त्याला ओळखणारं होतं कोण?

त्याने कडी वाजवली.

दाराच्या भोकाआड एक डोळा आला. क्षणभर काहीच हललं नाही. मग आतून एकामागून एक अडसर सरकू लागले, घाईघाईने, धडपडत. दार सताड उघडलं.

म्हातारा किडकिडीत होता. अंगात उसवलेला स्वेटर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याचं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. चेहरा सगळा वेडावाकडा झाला आणि त्याचे दोन्ही हात पुढे आले.

तो थांबला नाही.

इतक्या जवळून नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. म्हातारा त्याच्या अंगावर कलंडला, त्याच्या शर्टाला धरत धरत खाली घसरला आणि उंबऱ्यात पडला. शर्टाचं टोक काही त्याच्या मुठीतून सुटेना.

"अहो, काय पडलं?" आतून एका बाईचा आवाज आला.

त्याला पळायचं होतं. पण शर्ट अजून त्या मुठीत होता. पदराला हात पुसत एक म्हातारी बाहेर आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिची नजर खाली गेली. ती धावली, गुडघ्यांवर बसली, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. पिशवीआडचं पिस्तूल तिला दिसलंच नव्हतं.

"आनंद सोसला नाही रे यांना," ती रडत म्हणाली. "अरे, परक्यासारखा उभा काय राहिलास? उचल की बाबांना!"