सांगली कुणाची

"आये, राहीबाईंची खोली हीच न्हवं?" गुंडानं दारातूनच विचारलं. "मी गुंडा. आण्णाच्या पलटणीतला. सातारकडचा."

बाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर त्याच्या लंगड्या पायावर गेली, तिथून काखेतल्या फडक्याच्या गुंडाळीवर. तिनं डोईवरचा पदर सारखा केला.

"ये रं बाबा. उन्हाचा आलायस. आत ये."

गुंडाचा जीव भांड्यात पडला. पलटणीच्या दवाखान्यात पडल्यापडल्या त्यानं ह्याच दाराची धास्ती घेतली होती. गेल्या हिवाळ्यात, बांगलादेशाच्या लढाईत आण्णा गेला. तार कधीच पोचली असणार. पण तारेला कुणी उलटून विचारत नाही. त्याला आई विचारणार होती, कसा गेला माझा लेक? आणि ते काही त्याच्या तोंडून निघालं नसतं.

तिनं विचारलंच नाही. पाणी दिलं, चुलीपुढं बसून भाकरी थापायला घेतली आणि म्हणाली, "तिकडं काय खायाचा रं त्यो?"

"मिळंल त्ये. पर तुमच्या आमटीचं नाव काढल्याबिगर घास उतरायचा न्हाई त्याला."

"आन् झोप लागायची न्हवं?"

"लय घोरायचा! दुश्मनाला ऐकू जाईल म्हणून आमी त्याचं नाक दाबायचो."

ती हसली. म्हणाली, "आणखी सांग." गुंडा सांगत राहिला. तहानलेल्यानं ओंजळीनं पाणी प्यावं तशी ती ऐकत होती. आण्णाच्या कपाळावरच्या खुणेचं त्यानं काढलं, तर म्हणाली, "पोरं काय, पडत्यातच." भिंतीवर आण्णाचा फोटो नव्हता. बघवत नसेल, गुंडाला वाटलं.

जेवण झाल्यावर त्यानं गुंडाळी सोडली. तंबूच्या कापडावर शाईनं सगळी सांगली काढलेली, आत लाकडाची दोन जनावरं. गणपतीचं देऊळ, कृष्णेचा घाट, पूल, हळदीचा बाजार.

"ह्यो खेळ आण्णानं काढला. खंदकात बसून बसून कट्टाळा यायचा. ही त्याची मगर, कृष्णेतनं वर आलेली, देवळाहून उंच. ही माझी घोरपड, अजिंक्यताऱ्यावरनं उतरलेली. दोघींची झुंज, सांगली कुणाची म्हणून."

"आगं बया! येवढी थोरली जनावरं? मग माणसांनी जायाचं कुठं?"

"माणसं पुलाखाली दडत्यात. आण्णानं काढल्यात की. ही बघा, पदर घेतलेली. ही तुमी."

ती त्या बोटाएवढ्या बाईकडं बराच वेळ बघत राहिली. हात मात्र लावला नाही.

खेळ सोपा होता. दोन्ही राक्षसांपुढं सारखेच चिंचोके. लाकडाचा फासा संगिनीनं तासलेला, त्याच्या बाजूंवर पंजा नि दिवा कोरलेला. पंजा पडला की समोरच्या राक्षसाचा एक चिंचोका जायचा. दिवा पडला की आपली जखम भरायची, एक चिंचोका परत मिळायचा. चिंचोके संपले की राक्षस मेला.

"पर जो शेरात, म्हंजी सांगलीत बसलाय, त्याला दिव्याचा उपेग न्हाई," गुंडानं बजावलं. "जखम भरायची तर भाईर पडाया लागतं."

आण्णानं त्याच्याकडून वचन घेतलं होतं. मी घरी न्हाई गेलो तर तू जा. आयेला खेळ शिकव, आन् एक डाव तिच्याकडनं हर. हे काही त्यानं तिला सांगितलं नाही, नुसती मगर तिच्या हाती दिली. पण हरायचं ठरवूनच तो बसला होता, आणि फासाही त्याच्या मनासारखा पडत गेला. घोरपड सांगलीत अडकली. तिचा एकच चिंचोका उरला. आणि बाईच्या हातून पंजा पडला.

"मारा," गुंडा म्हणाला. "जिंकलासा तुमी."

तिनं मगर उचलली आणि कापडाबाहेर ठेवून दिली.

"न्हाई मारायची मला. लंगडतीया ती."

"आवं, पर खेळ हाय ह्यो."

"शेरात बसून जखम भरत न्हाई म्हणालास न्हवं? मग काढ की तिला भाईर. किती दिस बसवणार हायस तिथं?"

गुंडानं घोरपड उचलायला हात पुढं केला, तो तसाच राहिला. दवाखान्यात पाय कापायची बोलणी चालली तेव्हाही तो रडला नव्हता. आता त्या परक्या जमिनीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं न विचारताच त्यानं सगळं सांगितलं. आण्णा कुठं पडला, शेवटी काय म्हणाला, त्याचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं. ती ऐकत गेली. मध्येच एकदा पदरानं त्याचंच तोंड पुसलं.

त्या रात्री किती दिवसांनी गुंडाला गाढ झोप लागली.

सकाळी पुन्हा डाव मांडला. ह्या खेपेला मगरीनं घोरपडीला हळदीच्या बाजारात चीत केलं आणि बाई लहान पोरीगत टाळ्या पिटून हसली. वचन फिटलं. गुंडानं खेळ तिच्याच हवाली केला. ती नको नको म्हणत होती, "माझा हक न्हाई रं त्येच्यावर," पण त्यानं ऐकलं नाही. पाया पडून निघाला.

गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीपुढं दादासो गिरणीवाले बसले होते. शिपाईगडी दिसला म्हणून त्यांनी हाक मारली.

"कुणाकडं आलतासा पाव्हणं?"

"राहीबाईंकडं. कालच आलो."

दादासोंनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि त्याच्याकडं नीट बघितलं.

"राहीबाई? आवं, पोराची तार आली त्याच आठवड्यात गेली की ती बिचारी. त्या खोलीत आता बनाबाई ऱ्हाती, हळद निवडणारी. तिला ना पोर ना बाळ. मग तुमी कालधरनं जेवलासा कुणाकडं?"

गुंडानं वळून बघितलं. ती अजून दारातच उभी होती.

"आण्णाच्या आयेकडं," तो म्हणाला.