आठ गाठींची दोरी

देविदासने फक्कीची बादली कॉलेजच्या मैदानात टेकवली आणि दोरी उलगडली. दोन खांबांच्या मधे ती ताणायची, गाठ आली की थांबायचं आणि तिथे पांढरा चौकोन आखायचा. आठ गाठी, आठ चौकोन. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः मोजून मारलेल्या गाठी होत्या त्या.

"देविदास, आज सातच आख," मागून प्राचार्य म्हणाले.

"खो-खोत आठ बसतात, सर."

"बसायला पोरी सातच आहेत ना? मधे एक चौकोन रिकामा दिसला की समितीतलं कुणीतरी विचारणार, ही कुठाय म्हणून. नसती ब्याद. सारखं अंतर ठेव आणि सात आखून टाक. कुणाला काय कळतंय!"

प्राचार्य आयुष्यात कधी खो-खो खेळले नव्हते. पोरी जिंकून आल्या की फोटोत मधोमध उभं राहायचं, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध.

आठवी पोरगी म्हणजे देविदासचीच पुजा. पाय चोळून देतो म्हणत क्रीडाशिक्षकाने साहित्याच्या खोलीत तिच्या अंगाला हात घातला होता. तिने सरळ लेखी तक्रार केली. कॉलेजने दोन दिवसांत चौकशी उरकली, 'गैरसमज' असा शेरा मारला आणि 'लग्नामुळे शिक्षण बंद' असं लिहून पुजाचं नावच कमी केलं. लग्न कधी झालं, नवरा कोण, हे तिच्या बापालाही ठाऊक नव्हतं.

एवढं करूनही बोभाटा व्हायचा तो झालाच. राखीव खेळाडूंना घरच्यांनी काढून नेलं. यंदा कळमनुरी रस्त्यावरच्या एकाही तांड्यावरून एकाही पोरीने प्रवेश घेतला नाही. म्हणून तर आज तपासणी समितीपुढे सामना ठेवला होता. पोरी हसतखेळत पळताना दिसल्या की कॉलेजची अब्रू धुऊन निघेल, असा प्राचार्यांचा बेत होता.

"आणि सामना संपेपर्यंत गेट सोडू नको. पुजा आली तर परत पाठव. बाप आहेस, तुझं ऐकेल ती. पुढच्या महिन्यात तुला शिपाई म्हणून कायम करायचंय, लक्षात आहे ना?"

"व्हय, सर."

एकोणीस वर्षं त्याच्या तोंडात हेच दोन शब्द होते. सकाळी तो तांड्यावरून निघाला तेव्हा पुजा अंगणात बुटाच्या नाड्या ओवत बसली होती. "बा, मी येनार हाय," एवढंच म्हणाली. त्याने 'ये' म्हटलं नाही, 'नको येऊ' असंही म्हटलं नाही. आता त्याला त्या गप्प बसण्याची लाज वाटत होती.

प्राचार्य मांडवाकडे गेले. सात चौकोन आखायचे तर जुन्या गाठी सोडायला हव्या होत्या. देविदास मातीतच बसला आणि त्याने पुजा बसायची त्या पाचव्या गाठीला नख लावलं. याच गाठींवर बोट ठेवून पुजा लहानपणी आकडे शिकली होती. आठाच्या पुढे तिला बरेच दिवस येतच नव्हतं. घामाने आणि फक्कीने गाठ पार दगड झाली होती. दाताने ओढली असती तर सुटली असती. त्याने ओढली नाही.

अकराला समिती आली. हार झाले, चहा झाला. "आमच्या विद्यार्थिनी म्हणजे आमचं कुटुंब," असं बोलत प्राचार्यांनी मैदानाकडे हात केला आणि त्यांची जीभ अडखळली. सात पोरी बसल्या होत्या. पाचवा चौकोन रिकामा होता.

तेव्हाच गेटबाहेर ऑटो थांबला. पुजा उतरली. अंगात कॉलेजचीच जर्सी. गजांपाशी येऊन ती उभी राहिली.

"बा, जाऊ का आत?"

देविदासने कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं. एक फाटक सरकवलं असतं तरी भागलं असतं, पण त्याने दोन्ही सताड उघडली.

"पळू नको," तो म्हणाला. "चालत जा. समद्यांला दिसू दे."

ती चालत गेली आणि पाचव्या चौकोनात बसली. क्रीडाशिक्षकाने घाईघाईने शिट्टी मारली. पाठलाग सुरू करायची पाळी कर्णधार निलमची होती. ती खांबापासून हलली नाही. शिट्टी पुन्हा वाजली. खो-खोत शेजारच्या दोघी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. आज आठही जणी मांडवाकडे वळून बसल्या.

समितीच्या अध्यक्ष मॅडम उठून पुढे आल्या. "काय झालं? खेळत का नाही?"

"आमी नऊ जणी हाव, मॅडम," निलम म्हणाली. "पुजानं एकटीनं लिहून देलं. आमी भिऊन गप बसलो. ज्या खोलीत तिला नेलं, तिथं आमालाबी नेलं व्हतं. हे शिट्टीवाले सर मैदानात असंस्तोर आमी उठनार न्हाई."

क्रीडाशिक्षकाची शिट्टी तोंडातून गळून गळ्यातल्या नाडीला लोंबकळली. मॅडमनी पाचव्या चौकोनाकडे पाहिलं.

"नाव काय तुझं?"

"पुजा देविदास राठोड."

मॅडमनी हातातल्या फायलीची पानं उलटली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "प्राचार्य, हिचं तर लग्न झालंय म्हणून लिहिलंय तुम्ही."

प्राचार्यांनी गेटकडे तोंड करून आवाज चढवला. "देविदास! हिला आत कुणी सोडलं?"

देविदास गेट तसंच उघडं टाकून मैदानापर्यंत आला. त्याचे हात अजून फक्कीने पांढरे होते.

"म्या सोडलं, सर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिची जागा म्या सकाळीच आखून ठेवली व्हती."