आधीचा आकडा

औषधांच्या शीतगृहाची एक खोली दोन दिवस तापत होती आणि पडद्यावर मात्र चार अंशच दिसत होते. सगळा माल फेकून द्यावा लागला. तापमान दाखवणारा प्रोग्राम पेटीवाल्यांनी लिहिला होता.

उमेदीची सगळी वर्षं गाण्यांना हार्मोनियमची साथ करून पंचेचाळिशीत ते या प्रोग्रामिंगच्या कामाला लागले, म्हणून ऑफिसात त्यांना पेटीवाले म्हणत. नोकरी अजून कच्ची होती.

"आज पेटीवाल्यांचा बँड वाजणार," पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पुटपुटलं.

"हळू. कान तयार आहे त्यांचा."

टीमलीड खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्याहून पुष्कळ लहान मुलगी. "काका, हे काय करून ठेवलंय?" तिने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

सेन्सरकडून आकडा आला नाही, तर आधीचाच आकडा पुढे दाखवत राहायचं. ओळ त्यांचीच होती. सेन्सर बंद पडला, प्रोग्राम आधीचे चार अंश दाखवत बसला.

"मध्ये रिकामं दिसायला नको, म्हणून."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. सवय. गाणारा श्वास घ्यायला थांबला की आम्ही त्याचा सूर धरून ठेवतो. समोरच्याला खंड कळू द्यायचा नाही."

"इथे कळायलाच हवा! बोंब मारायला हवी प्रोग्रामने. तुमच्या गाण्यात चालत असेल हो. तिथे कुणाचं काय बिघडतंय?"

पेटीवाल्यांची बायको गायची. शेवटच्या वर्षी तिला दम पुरत नव्हता. सूर अर्ध्यावर सुटायचा, ते तो पेटीवर पुढे न्यायचे. इतकं बेमालूम की ऐकणाऱ्यांना कळलं नाही. तिलाही नाही. घरी जाताना म्हणायची, "आज गळा छान लागला, नाही?" पुढे डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

"काका, ऐकताय ना?"

"हो. उद्यापासून येऊ की नको?"

"या. वर मी बोलते. पण आधी ती ओळ काढा, माझ्यासमोर."

त्यांनी ओळ काढली. त्याच दोन दिवसांची नोंद पुन्हा चालवली. सुरुवातीला चार, चार, चार. मग आकडा न आलेला एक रकाना लाल झाला. त्याखालचा झाला. मग पडदा खालपर्यंत लालच.

"बघा," ती म्हणाली, "आता कुठे दुखतंय ते सांगतंय तरी."

"हो," पेटीवाले म्हणाले. "सांगतंय."